मधेच गार, मधेच गरम

आमच्या गाडीचा एसी मन मानेल तेव्हा गार होतो. गॅरेजात नेला की मात्र अगदी शहाण्यासारखा वागतो. आजही तेच झालं. "इथे तर मस्त चालतोय. बंद नेमका कधी पडतो?" मेकॅनिकने विचारलं. कधी सिग्नलला, कधी चढावर, कधी सरळ रस्त्यावरही. मला धड सांगता येईना.

माझ्या लहानपणी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हसण्याचं असंच होतं. एखाद्या दिवशी जेवताना ते अचानक खुलायचे, ऑफिसातल्या साहेबांची नक्कल करायचे. आम्ही भावंडं मग पाणीसुद्धा मागायचो नाही, न जाणो, थांबले तर! आपण काय केलं की ते हसतात, याचा शोध आम्ही खूप घेतला. लागला नाही.

परतताना सोबत आलेले अण्णा शेजारीच बसले होते. आता थकलेत. पुलावर पुन्हा गरम हवा यायला लागली. त्यांनी एसीच्या जाळीसमोर तळहात धरला आणि तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "आलं बघ गार. आता कशालाही हात लावू नकोस."

मी लावला नाही. सवय होती.