फोटोवाल्या काकूंचा डबा

काकूंकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला त्या 'बसा' म्हणायच्या आधी हनुवटीला धरायच्या. अंगठा आणि पहिलं बोट, तेवढंच. तोंड खिडकीकडे वळवायच्या, उजेडात निरखायच्या आणि विचारायच्या, "कुणाच्या घरातले?" माणूस साठीचा असो की कॉलेजातली पोरगी, कुणी हनुवटी सोडवून घेतल्याचं मी पाहिलं नाही.

माझीही त्यांनी वळवली होती. मुरुमला माझं इंटरनेट जोडणीचं आणि सीसीटीव्हीचं दुकान आहे. त्यांच्या घरी राउटर बसवायला गेलो होतो, हातात ड्रिल होतं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्या फोटूतले न्हाय." मी येडशीचा, धंद्यापायी इकडे आलेला, हे कळल्यावर त्यांचं समाधान झालं. त्या दिवसापासून मी त्यांचा 'वायरवाले'. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्यांच्या यजमानांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. आसपासच्या गावांतल्या लग्नांचे फोटो ते मोटारसायकलवर जाऊन काढायचे आणि काकू मागच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायच्या. घरची बोली कानडी. फोटो पाण्यात किती वेळ ठेवायचा हे त्या कानडीतच मोजायच्या, 'वंदु, एरडु, मूरु' करत. कृष्णधवल फोटोत आधी केस येतात, मग डोळे, मग बाकीचा चेहरा, असं त्या सांगायच्या. ज्यांना कधी भेटल्या नाहीत अशा शेकडो माणसांना त्या ओळखत होत्या. "तुम्ही माणसं रस्त्यात बघता," म्हणायच्या, "म्या पाण्यात बघितल्याती."

मग भूकंप झाला. लोहारा, सास्तूरकडची कितीतरी घरं एका पहाटेत दगडमातीखाली गेली. वाचलेले लोक काही दिवसांनी स्टुडिओत येऊ लागले. भिंतीवरचे फोटो भिंतीबरोबर गेले होते आणि हार घालायला चेहरा हवा होता. कुणाची बायको, कुणाचा भाऊ, कुणाची अख्खी पंगत. निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलेल्या होत्या. काका शोधायचे, काकू धुवायच्या. नवरीचे डोळे पाण्यात उघडायचे आणि दाराशी तिचा बाप उभा असायचा. त्या दिवसांबद्दल काकू याहून जास्त बोलत नसत. हाताची बोटं मात्र पुढे करून दाखवायच्या. औषधाच्या पाण्यानं नखं कायमची तपकिरी पडली होती.

काका गेल्यावर स्टुडिओ बंद झाला आणि डबे घरी आले. पुढे डब्यांतून आंबट वास येऊ लागला. फिल्म आकसत होती, एकमेकींना चिकटत होती. हैदराबादला नोकरी करणारा त्यांचा मुलगा बसवराज, म्हणजे बसू, याने एक स्कॅनर आणून दिला आणि घरच्या इंटरनेटला जोडलेला एक साठवणीचा डबा. आत दोन हार्डडिस्क. काकूंनी सत्तरीच्या उंबरठ्यावर स्कॅनर शिकून घेतला आणि एकेक पट्टी आत घालत राहिल्या. जो डबा स्कॅन होई तो बसू आला की टाकून द्यायचा, कारण त्या वासानं काकूंना खोकला लागायचा. दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, असं बसूनं सांगितलं होतं.

भूकंपातली माणसं आता पुण्याला, सोलापूरला, कुठं कुठं पांगलेली. त्यांचे फोन यायचे, आम्हाला इथूनच बघता येईल का? बसूनं एका सुट्टीत ती सोय करून टाकली. राउटरमधून बाहेरच्या जगाला दार उघडलं, एक पासवर्ड ठरवला आणि तोच सगळ्यांना दिला. हेतू चांगलाच होता. काही महिने ते छान चाललं. काकू फोनवर खुशीत सांगायच्या, "बघा माय, पोटभर बघा."

एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. साठवणीच्या डब्यातल्या प्रत्येक फोटोचं नाव बदललं होतं, एकही उघडत नव्हता, आणि एक इंग्रजी चिठ्ठी तेवढी उघडत होती. उघड्या दारातून कुणीतरी आत येऊन सगळ्याला स्वतःचं कुलूप लावून गेलं होतं आणि किल्लीसाठी पैसे मागत होतं. एका डिस्कवर जे झालं तेच त्याच क्षणी दुसरीवरही झालं होतं. मी काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"आतमधी हायेत का न्हाय?"

"आहेत, काकू. पण आता कुणालाच दिसणार नाहीत."

त्यांनी त्या डब्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा ढिगाऱ्याखालीच की."

बसू पैसे भरायला तयार होता. त्यानं त्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर लिहिलं, पुन्हा लिहिलं. तिकडून उत्तर आलं नाही. तो मुरुमला आला आणि दोन दिवस आईसमोर मान वर करेना. काकू त्याला काही बोलल्या नाहीत. जेवायला वाढलं, जाताना चटणी बांधून दिली. माझ्या मते त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

हिशेब लावला तेव्हा कळलं की सुरुवातीच्या काही डब्यांचे फोटो एका सुट्या डिस्कवर होते, ते वाचले. माळ्यावरचे काही डबे स्कॅन व्हायचे होते, ते वाचले. मधले सगळे गेले, आणि त्यांच्या निगेटिव्हही केव्हाच कचऱ्यात गेल्या होत्या.

मला वाटलं, आता या हाय खातील. त्यांनी फोन हातात घेतला. ज्यांचे चेहरे गेले त्या प्रत्येक घराला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. बसूला करू दिलं नाही. मी तेव्हा रोज तिथं काम करत होतो, म्हणून त्यातले बरेच फोन माझ्या कानावर पडले. काही लोक रागावले. काही म्हणाले, जाऊ द्या काकू, आमचं तेव्हाच गेलंय. एकच फोन मी इथं सांगतो.

चिंचवडला मंगल नावाची एक बाई राहते. भूकंपात तिचं सगळं घर आणि आजोळ गेलं. ती पाळण्यातली, तेवढी सापडली. आत्यानं वाढवली, पुढे आत्याही गेली. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता, फोटोतही तिनं तो कधी पाहिला नव्हता. डबा बंद पडायच्या आधल्या आठवड्यातच तिनं कुणाकडून तरी नंबर मिळवून काकूंना फोन केला होता, आणि काकूंनी सांगितलं होतं, हाय, तुझी आई हाय माझ्याकडं, लग्नातला फोटू हाय. बसूनं पासवर्ड पाठवायचा तेवढं राहिलं होतं.

काकू तिला म्हणाल्या, "मंगल, तुझी आई माझ्याकडून गेली गं."

आणि लगेच फोटोतली ती कशी होती ते सांगू लागल्या. कुंकू जरा डाव्या भिवईकडं सरकलेलं, मी ते ब्रशनं नीट करणार होते, पण यांनी करू दिलं नाही. नाकात चमकी, उजव्या बाजूला. खालचा ओठ दातांत धरलेला, हसू आवरल्यागत. मग त्यांनी तिला व्हिडिओ लावायला सांगितलं, तोंड खिडकीकडं कर म्हणाल्या, आणि पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ पाहिलं.

"कपाळ बापाचं हाय. हनुवटी तिची. आरशात बघशील तवा खालचं बघत जा."

मंगल रडत नव्हती. तिनं विचारलं, आणखी काय होतं? डोळे कसे होते? काकूंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "डोळे न्हाय आठवत." मंगलनं पुन्हा विचारलं, काहीतरी सांगा, कसेही सांगा. काकू म्हणाल्या, "खोटं सांगितलं तर ती दुसरीच कुणीतरी व्हईल, माय."

फोन ठेवल्यावर त्या मागच्या खोलीत गेल्या. मी तसाच राउटरशी बसून राहिलो.

उरलेले फोटो आता घरातच कुलूपबंद ठेवू, असं मी सुचवलं. तेच सुरक्षित होतं. त्यांना ते पटलं नाही. ज्यांची माणसं त्यांना दिसलीच पाहिजेत, पण दुसऱ्या कुणाला त्यांची सावलीही दिसता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. मग मी तसं बांधून दिलं. राउटरचं बाहेर उघडणारं दार पूर्ण बंद केलं. त्याऐवजी एक खासगी जाळं, ज्या मोबाइलवर मी किल्ली बसवीन तेवढाच मोबाइल काकूंच्या घरात बसल्यासारखा. बाकी जगाला तिथं काही आहे हेच कळणार नाही. प्रत्येक घराचा वेगळा कप्पा, फक्त बघायचा, पुसायची मुभा नाही. वर आणखी एक प्रत माझ्या दुकानाच्या कपाटात, एरवी कशालाच न जोडलेली.

किल्ली कुणाला द्यायची ते काकू ठरवायच्या. व्हिडिओवर तोंड उजेडाकडं वळवल्याशिवाय कुणाला ती मिळाली नाही. भूकंपावर काही तरी करायचंय म्हणून एक गृहस्थ सगळे फोटो मागायला आले, गोड बोलले, काकूंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. दोन भाऊ शेतावरून भांडले आणि थोरल्यानं धाकट्याची किल्ली काढायला सांगितली. काकू म्हणाल्या, "शेत वाटून घ्या. आई न्हाय वाटून देणार म्या." पुण्यात बसमध्ये एकाचा मोबाइल चोरीला गेला तर त्यांचा मला लगेच फोन, वायरवाले, हातातलं टाका, आधी त्याची किल्ली काढा. मी दुसऱ्याच्या छपरावर कॅमेरा बसवत होतो. तसाच खाली उतरलो.

या सगळ्यात त्या आणखी एक काम करत होत्या, ते मला उशिरा कळलं. माळ्यावरचे उरलेले डबे काढून त्या पट्ट्या स्कॅन करायच्या आणि प्रत्येक फोटो मोठा करून नवरा-नवरीच्या मागची गर्दी बघत बसायच्या. माणूस तेवढं आपल्याच लग्नात फोटोत येत नाही, असं त्या म्हणाल्या. शेजारच्या लग्नात मागं उभं असतंच की. ज्यांचे फोटो गेले त्यांच्यापैकी काहीजण त्यांना असे सापडले. एक म्हातारा बुंदीची पाटी उचलताना, एक पोरगा मांडवाच्या खांबाला लोंबकळताना. तेवढा तुकडा कापून त्या त्याच्या घरच्या कप्प्यात ठेवायला लावायच्या.

मंगलची आई मात्र सापडत नव्हती. तिच्या गावच्या एका लग्नाचा डबा माळ्यावर अगदी आत होता. मी रविवारी येऊन काढून देतो, असं म्हटलं होतं. काकूंना रविवारपर्यंत धीर निघाला नाही. त्या स्टुलावर चढल्या आणि डब्यासकट खाली आल्या. शेजारच्या शिंप्यानं आवाज ऐकला. खुब्याचं हाड मोडलं होतं. सोलापूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण मग छातीत कफ भरला.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या फक्त कानडी बोलत होत्या. बसू भाषांतर करून सांगत होता. डबा फुटला का, पट्ट्यांना धूळ लागली का, एवढंच विचारत होत्या. मी म्हटलं, काही झालं नाही, सगळं उचलून ठेवलंय. त्यांनी मान हलवली. तीन दिवसांनी त्या गेल्या.

दहावं-तेरावं झाल्यावर बसूनं घराची किल्ली माझ्याकडे दिली. डबा चालू राहू दे, म्हणाला. मी तो पडलेला डबा उघडला, पट्ट्या पुसल्या आणि काकूंच्याच स्कॅनरवर एकेक करून घेतल्या. मंगलच्या गावचं लग्न होतं ते. नवरा-नवरीच्या मागं बायकांची दाटी. तरण्याताठ्या, पदर डोक्यावर, कुणाच्या नाकात चमकी, कुणी ओठ दाबलेला, कुणाचं कुंकू सरकलेलं. फोटो मोठा केला की चेहऱ्यांचे दाणे होतात, चमकी डावी की उजवी तेही कळत नाही. मी कितीही बघितलं तरी मला त्या सगळ्या सारख्याच. त्यांतली मंगलची आई कोणती हे सांगू शकणारं एकच माणूस होतं.

ज्या घरच्या लग्नातले ते फोटो, तिथल्या नवरदेवाच्या वाचलेल्या भावाला मी मंगलच्या आईबद्दल विचारलं. तो भूकंपात लहान होता, त्यालाही कुणी ओळखू येईना. पण मंगलला आमचे फोटो बघू द्या, म्हणाला. मी मंगलला किल्ली बसवून दिली आणि जे होतं ते खरं सांगितलं. ती म्हणाली, असू द्या, मी बघते.

आता महिन्यातून एकदा मी ते घर उघडतो. धूळ पुसतो, पंखा लावून खोली हवेशीर करतो, साठवणीच्या डब्याची प्रत काढून नेतो. एरवी तो डबा निपचित पडलेला असतो. पण परवा दुपारी मी खिडकी पुसत होतो आणि आतली डिस्क आपोआप फिरू लागली. बारीक घरघर, मग खट्, पुन्हा घरघर. दूर कुणीतरी फोटो उघडत होतं, एक झाला की दुसरा, मग परत पहिला. मी कापड हातात घेऊन उभा राहिलो. पंखा बंद केला. खूप वेळानं ती घरघर थांबली. मग मी खिडकी लावून घेतली आणि बाहेर पडलो.