निळ्या पेन्सिलीचा थांबा

वाद्यवृंदातली माणसं तिला तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'खोडरबर'. तिला दोन्ही ठाऊक होतं. सभागृहाच्या तळघरात तिची खोली होती. तीन भिंतींना लोखंडी मांडण्या, मांडण्यांत पुठ्ठ्याच्या पेट्या आणि पेट्यांत स्वरलिपीच्या प्रती. संचालकाची मोठी प्रत एक, तिच्यात सगळ्यांचं सगळं. वादकांच्या प्रती वेगळ्या, ज्याच्या त्याच्यापुरत्या. संचालकाने मोठ्या प्रतीत केलेली खूण हिने सगळ्या प्रतींत उतरवायची आणि संचालक बदलला की खोडायची. एकतीस वर्षं हाच धंदा. नातेवाइकांत कुणी विचारलं तर ती सांगे, "कंडक्टरच्या हाताखाली आहे," आणि समोरचा हमखास विचारी, कुठल्या रूटवर. मग तिने सांगायचंच सोडून दिलं.

नोकरी लागली होती ती नणंदेच्या शब्दावर. नणंद ओबो वाजवायची. हे सनईच्या नात्यातलं वाद्य, पण अंगाने बारीक आणि स्वभावाने भलतंच हट्टी. नणंदही काहीशी तशीच. रविवारी दुपारचा कार्यक्रम झाला की ती निवृत्त होणार होती.

त्या रविवारसाठी नव्या संचालिका आल्या, त्या सोमवारी. चाळिशीच्या, चहा बिनसाखरेचा आणि बोलणंही तसंच. रचना होती शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या एका फ्रेंच संगीतकाराची. आधीचे संचालक, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, त्यांनी ती इथे इतकी गाजवली होती की गावाला ती त्यांचीच वाटायची. साहेब जाऊन तीन वर्षं झाली होती.

नव्या बाई तळघरात आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "साहेबांच्या खुणा सगळ्या खोडा."

"सगळ्या?"

"सगळ्या. लोकांना वाटतं, फ्रेंच म्हटलं की सगळं धूसर वाजवायचं, जरा रेंगाळायचं, जरा उसासे टाकायचे. अहो, त्या माणसाने एकेका सुरावर लिहून ठेवलंय, तेही स्वतःच्या भाषेत, अख्खी वाक्यं. कुठे घाई नको, कुठे हळू व्हायचं नाही, कोण पुढे, कोण मागे. एवढं सांगून ठेवलेलं असताना आपण वर शहाणपणा केला की वाट लागते."

ताईने मान डोलावली आणि मनात म्हणाली, देव पावला. कारण साहेबांच्या त्या खुणांत एक खूण अशी होती, जी खोडली जावी म्हणून ती तीस वर्षं वाट बघत होती. बाकीच्या कचऱ्यात ती परस्पर निघून गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

दोन दिवस ती खोडत बसली. चौऱ्याहत्तर प्रती. बुधवारी दुपारी नव्या बाई पुन्हा आल्या आणि तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "हा एक नाही खोडायचा हं."

त्यांचं बोट नेमकं तिथेच होतं. ओबोचा लांबलचक एकटा सूर संपतो, तिथे निळ्या पेन्सिलीने ओढलेल्या दोन तिरक्या रेघा. म्हणजे थांबा. सगळ्यांनी श्वासभर गप्प.

"पण छापलंय तर 'न थांबता'," ताई म्हणाली.

"माहितीय. पण साहेबांनी मुलाखतीत सांगितलंय ना, त्यांच्या गुरूंच्या गुरूंना हे खुद्द संगीतकाराने तोंडी सांगितलं होतं. छापल्यावर बदललं असणार त्याने. या सगळ्यात खरी वस्तू ही एकच आहे. रविवारी रेडिओवर थेट जाणार, आणि कार्यक्रमाच्या पुस्तिकेत मी यावर दोन पानं लिहितेय."

बाई गेल्या आणि ताई ती प्रत पुढ्यात घेऊन बसली.

खरी गोष्ट अशी होती. नोकरीचं पहिलं वर्ष. साहेबांनी मोठी प्रत पाठवली आणि हिने डोळ्यांत तेल घालून एकेक खूण चौऱ्याहत्तर ठिकाणी उतरवली. त्यात या दोन रेघाही होत्या. तालमीला साहेबांना ताप आला होता, म्हणून ती जागा कुणी वाजवलीच नाही. थेट कार्यक्रमात सगळा वाद्यवृंद तिथे एकदम थबकला. साहेबांचा हात हवेतच राहिला. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. मग हात खाली आला आणि पुढचं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्या शांततेवर रकानेच्या रकाने लिहिले.

साहेबांनी तिला बोलावलं. "हा थांबा कुणी घातला?"

"तुमच्याच प्रतीत होता, साहेब."

त्यांनी प्रत उघडून पाहिली आणि खो खो हसले. आदल्या महिन्यात चहाच्या सुट्टीसाठी तालीम जिथे मोडली होती, ती जागा सापडावी म्हणून त्यांनी ती खूण केली होती. एवढंच. "राहू दे," म्हणाले. "आणि तोंड शिवून ठेव. ओबोचा सूर थांब्याच्या पलीकडे लोंबतोय, त्यावर पट्टी चिकटव." तिने पहिल्या ओबोच्या प्रतीवर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीखाली सुराचे उरलेले दोन खण, म्हणजे तालाची दोन मापं, गेले. पुढे साहेबांनी मुलाखतीत गुरूंच्या गुरूंना आणलं, तेव्हा ती ते वाचून घाबरली आणि गप्प बसली. नणंद तेव्हा ओबोच्या दुसऱ्या खुर्चीवर होती. वर्षाने तिला पहिली खुर्ची मिळाली, ती पट्टीसकट.

गुरुवारी चहाला नणंद तळघरात आली. पेटीवर बसून बिस्कीट बुडवत म्हणाली, "वहिनी, एक सांगू? माझा सूर संपल्यावर लोक श्वास धरतात ना, त्या एका क्षणासाठी मी एवढी वर्षं या बाज्याचे नखरे सोसले. रविवारचा शेवटचा. मग मी सुटले."

ताईने तिच्या पुढ्यात आणखी दोन बिस्किटं सरकवली. नणंदेने घरातल्या पहिल्या दिवसापासून तिची बाजू घेतली होती, सासूबाईंसमोरसुद्धा. तिच्या शेवटच्या दिवशी तिचा तो क्षण हिसकावून घ्यायचा? आणि नाही घेतला तर चहाच्या सुट्टीची खूण एका मेलेल्या संगीतकाराच्या नावावर छापून, रेडिओवरून जगाला ऐकवायची? शिवाय निवृत्तीला तिची स्वतःची दोन वर्षं उरली होती.

शुक्रवारी सकाळी पुस्तिकेचा कच्चा छाप तिच्याकडे तपासायला आला. 'संगीतकाराच्या मुखातून आलेली शांतता' असा मथळा होता. ताईने तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग साहेबांची मोठी प्रत काखोटीला मारून ती वर गेली. पायऱ्या अठरा होत्या आणि प्रत्येकीवर तिला परत फिरावंसं वाटलं.

तिने सगळं सांगितलं. पट्टीचंही.

नव्या बाईंनी त्या दोन रेघांवर बोट ठेवलं. "चहासाठी?"

"हो."

"मला हा थांबा फार आवडतो हो," बाई म्हणाल्या. आवाजात राग होता, पण कुणावर ते कळेना. "ऐकताना अंगावर काटा येतो. आणि नेमका तोच त्याचा नाही." त्यांनी कच्च्या छापाची दोन पानं फाडून टोपलीत टाकली. "तालीम दहा मिनिटांत आहे. माझ्या चौथऱ्यावर उभं राहून तुम्हीच सांगा सगळ्यांना."

"मी?"

"प्रतींत खूण तुम्हीच उतरवली ना?"

एकतीस वर्षांत ती त्या चौथऱ्यावर कधी चढली नव्हती. समोर चौऱ्याहत्तर माणसं होती. चार वाक्यांत तिने सांगून टाकलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नणंद हसली नाही. ताई खाली उतरून तिच्याजवळ गेली आणि तिच्या प्रतीवरची जुनी पट्टी नखाने सोलू लागली. ती सहज निघेना, तुकड्यातुकड्याने निघाली. खालचे सूर अजून काळेकुळकुळीत होते.

नणंदेने वाकून पाहिलं. "हे माझं आहे?"

"हो, वन्सं."

त्यापुढे नणंद तिच्याशी बोलली नाही. तालमीत तो सूर तीनदा वाजला आणि तीनदा तुटला. साठीतली छाती, आधीच लांब सूर आणि वर आणखी दोन खण. सगळे खाली बघत होते. नव्या बाई म्हणाल्या, "हवं तर तिथे आधी सोडा, मी सांभाळून घेते." नणंद म्हणाली, "त्याने लिहिलंय ना? मग वाजवीन." शनिवारीही दोनदा तुटला.

रविवारी ताई पडद्याआड उभी राहिली. रेडिओचा लाल दिवा लागला. तुटला तर लाखो कानांसमोर तुटणार होता आणि तोही तिच्यामुळे. ओबो सुरू झाला. ती जागा आली. तीस वर्षं जिथे सगळे थबकायचे, तिथे कुणी थबकलं नाही. खालून, खर्जात, थोरल्या व्हायोलिनांसारखे चेलो आत सरकले, आणि ओबोचा तोच सूर, जरासुद्धा न हलता, निराळाच होऊन गेला. मघापर्यंत तो एकटा होता, दुःखी होता. चेलोंनी त्याच्याखाली जमीन घातल्यावर तोच सूर हसल्यासारखा वाटू लागला. त्या माणसाने ती गंमत दोन खणांत लिहून ठेवली होती आणि हिने ती झाकली होती. नणंदेची मान लालभडक झाली, गळ्याच्या शिरा तटतटल्या. एक खण झाला. दुसरा अर्धा. ताईला वाटलं, आता तुटला. नाही तुटला. बाईंच्या डाव्या हाताने इशारा केला तेव्हाच तो संपला.

टाळ्या रचनेच्या शेवटी पडल्या. त्या जागेसाठी वेगळं कुणी श्वास धरला नाही.

आत आल्यावर नणंदेला फुलं मिळाली, माणसं भेटली. सगळे पांगल्यावर ती ताईजवळ आली. ताईचा बांध तिथेच फुटला. "वन्सं, मला माफ करा. तुमचा शेवटचा दिवस मी..."

"गप्प बस गं," नणंद म्हणाली. तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता आणि डोळे भरले होते. "ऐकलंस ना काय होतं तिथे? ऐकलंस ना?"

ताईने मान डोलावली.

"तीस वर्षं तो माझ्या पानावर होता, वहिनी. आणि मला एकदाच वाजवायला मिळाला."