दोघांपुरती फोमची खोली

रागात माणूस एक वाक्य बोलून जातो आणि ते निस्तरायला अख्खं वर्ष घालवतो. मी तर त्यापायी चाकांवरची खोली बांधली.

वाक्य साधं होतं. आमची मंडळी पुण्याला मुलाकडं राहायला गेलेली. नातू झाला होता, सुनेची रजा संपली होती. तीन महिन्यांचा प्रश्न हाय म्हणून गेली आणि त्याला दोन वर्षं होत आली. मधे एकदा चार दिवस आली आणि पुन्हा बॅग भरायला बसली तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हणालो, "जा की! माझं काय अडत न्हाय तुझ्यावाचून. भात लावता येतो मला."

तिनं बॅगेची चेन ओढली, "बरं" म्हणाली आणि गेली. भांडली असती तर परवडलं असतं.

भात लावता येतो हे खरं. पण एका माणसाचा भात लावणं ही वेगळीच विद्या आहे, ती मला अजून जमलेली नाही. मूठभर तांदूळ घेतले तरी उरतोच, मग सकाळी फोडणी घालून तोच. गॅसचा सिलिंडर संपता संपेना. सिलिंडर आणणारा एकदा म्हणाला, "काका, गावाला गेलतासा काय? लई दिवस नंबर लावला न्हाईसा." त्याला काय सांगणार, डोंबल! एकटा होतो मी. दिवसच्या दिवस कुणाशी बोलायचोच नाही, आणि मग दूधवाल्याला हाक मारताना आवाज घोगरा निघायचा.

फोन रोज व्हायचा. जेवलासा? जेवलो. गोळी घेतलासा? घेतली. एवढ्यात मागनं नातू रडायला लागायचा आणि ती ठेवून द्यायची. ते वाक्य मागं घ्यायचं रोज मनात असायचं, पण तोंडातनं निघायचं नाही. आमच्या घराण्यात पुरुषाला 'चुकलं' म्हणता येत नाही. हाडाला लागलेली खोड ही.

तिचं माहेर गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकच्या शिवेला. लग्नानंतर एसटीनं जायचो तेव्हा वाटेत डाव्या हाताला एक तळं लागायचं. ती दर वेळी खिडकीतनं बोट दाखवायची, "एकदा हितं उतरूया की. एक दिवस राहूया." मी दर वेळी म्हणायचो, "काय ठेवलंय तिथं?" बस काय थांबत नव्हती आणि मीही नव्हतो थांबत. हे तळं मला एका दुपारी उरलेला भात ढवळताना आठवलं. त्याच आठवड्यात मोबाईलवर एक परदेशी म्हातारा फोमचे तुकडे चिकटवून, वर कॅनव्हास लावून, गाडीमागं ओढायची खोली बनवताना पाहिला. म्हटलं, जमलं! वाक्य मागं घ्यायला नको, खोलीच बांधू.

मी पॅटर्नमेकर. अडतीस वर्षं फौंड्र्यांमध्ये काढली. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो करणारा मी. लाकूड माझ्या हातातलं, पण फोम म्हणजे अगदीच परकं पोर. शीतगृहाच्या भिंतीत घालतात तसल्या दोन इंची शीट आणल्या, हॅक्सॉच्या पानानं कापल्या आणि जोडायला चपला चिकटवायचं पिवळं सोल्युशन लावलं. बघता बघता फोम गिळला त्यानं! शीटला परातीएवढं भोक. च्यायला, अडतीस वर्षांचा अनुभव आणि पहिल्याच दिवशी हात दाखवून अवलक्षण.

कॅनव्हास ज्यांच्याकडनं घेणार होतो ते चाचा जीपचे हूड आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे. दुकानात बसल्या बसल्या त्यांनी निकाल दिला, "मिस्त्री, फोमला सोल्युशन म्हणजे विष. सुताराचा पांढरा गोंद घ्या. पाणी घालून पातळ करा, कापड त्यात भिजवा, आन् बाळाला लंगोट घालतासा तसं हळू गुंडाळा. वाळलं की ढोल वाजंल." तसंच केलं. परसात चार महिने हेच चाललं. गल्लीतले लोक भिंतीवरनं डोकावून म्हणायचे, "पावणं, कोंबड्या पाळायचा इचार हाय काय?" म्हातारचळ लागला असंही कुणी म्हणालं. म्हणू देत.

खोली हलकी फूल झाली. मी आणि चाचा, दोघांनी उचलली. पण ट्रॉल्या करणाऱ्याकडनं आणलेल्या चाकांच्या सांगाड्यावर बसवायला गेलो तर बसेना. लांबीला पाऊण इंच जास्त, रुंदीला अर्धा. मी तीनदा मापलं. मापात चूक नाही! मग चाचांनी त्यांचा टेप काढला आणि माझ्या हातातल्या पट्टीशेजारी धरला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी सगळं काम श्रिंकेजच्या पट्टीनं केलं होतं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आमच्या पट्टीवरचे इंच मुद्दाम जरा मोठे असतात. नमुना मोठा केला की वस्तू बरोबर मापात उतरते. अडतीस वर्षं तीच पट्टी हातात, दुसरी घेतलीच नाही.

चाचांना हे समजावलं तर ते खाली बसून हसले. "मग थांबूया की मिस्त्री. थंड झाल्यावर आकसंल!" मीही हसलो. किती महिन्यांनी हसलो कोण जाणे. सांगाड्याला कडेनं लोखंडी पट्ट्या जोडून घेतल्या आणि भागवलं.

जाताना त्यांनी विचारलं, "भाभींना सांगितलासा?" म्हटलं, आली की बघंल. त्यांनी नुसतं कॅनव्हासवर बोट वाजवून बघितलं.

"मी येतो चार दिवस," ती फोनवर म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात, आणि पुण्यात दोन वर्षं राहूनही आमची बाई 'येते' म्हणायला शिकलेली नाही. थंडीचे दिवस होते. आली, परसात गेली, पांढऱ्या रंगाच्या त्या पेटीभोवती एक फेरी मारली. "ह्यात काय ठेवायचं?"

"आपल्याला," मी म्हणालो. एवढंच काय ते मी आयुष्यात बरं बोललोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आमची जुनी छोटी गाडी पुढं, खोली मागं. ती सारखी मान वळवून बघत होती, सुटली तर न्हाय ना म्हणून. तळ्याशी पोचलो आणि मी गाडी डाव्या हाताला घेतली. तिनं काच खाली केली. मग म्हणाली, "व्हय की वं. हेच ते."

भाकरी, खर्डा आणि दही खाल्लं. पाण्यावर दोन म्हशी होत्या, बाकी कुणी नाही. दुपारी आत जाऊन आडवे झालो. ती तिच्या कडेला, मी माझ्या. ती छताकडं बघत म्हणाली, "मधी एवढी जागा कुणाला ठेवलीसा?"

मी श्रिंकेजच्या पट्टीची सगळी कथा सांगितली. ती खूप हसली. पण पट्टीची चूक अर्ध्या इंचाची. मधली जागा हातभर होती, ती काही पट्टीनं आली नव्हती. ते तिलाही कळत होतं आणि मलाही.

हसू थांबल्यावर तिनं हळूच विचारलं, "माझ्यावाचून काय अडत न्हाय म्हणालतासा. मग एवढा खटाटोप कशाला?"

हीच ती वेळ. ह्याच्यासाठी तर चार महिने घासत बसलो होतो. शब्द तयार होते, घशापर्यंत आले होते. आणि मी गाढव, उठून बसलो आणि म्हणालो, "मागच्या चाकात हवा कमी वाटती. बघून येतो."

चाकात हवा बरोबर होती. मी तिथं बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. आत आलो तेव्हा ती डबे पुसून पिशवीत भरत होती.

चौथ्या दिवशी ती पुण्याच्या बसमध्ये बसली. मी खिडकीतनं पाण्याची बाटली दिली. पोचल्यावर फोन कर म्हणालो.

त्यानंतर आठवडाभर मी परसात गेलो नाही. आठव्या दिवशी भात उतू गेला, गॅस विझला, आणि मी ओट्याशी उभा राहून रडलो, लहान पोरासारखा. तसाच फोन लावला. तिनं 'जेवलासा?' म्हणायच्या आत म्हणालो, "अडतंय माझं. लई अडतंय तुझ्यावाचून. तवा रागात बोललो. परत ये."

मागं नातू रडत नव्हता.

"काल विचारलं पोरानं," ती म्हणाली. "नातू पहिलीत जाईस्तोवर ऱ्हाशील का म्हणून. मी व्हय म्हणालो. शब्द दिला." मग म्हणाली, "तळ्यावर एवढं म्हणाला असतासा, तर त्या बसमधी मी बसलोच नसतो."

नातू अजून तीन वर्षांचाही नाही.

"वरातीमागनं घोडं तुमचं," ती म्हणाली, पण रागानं नाही. "दव पडतंय. ताडपत्री टाका त्या खोलीवर. चांगली झालीया."

मी ताडपत्री टाकली. टाकायच्या आधी आत वाकून तिची उशी बाहेर काढली आणि घरात नेऊन ठेवली.