दीर्घिकांचं लहानपण

नववीच्या वर्गापुढे विज्ञानाच्या बाईंनी अक्षरशः हात टेकले होते. दुर्बिणीने टिपलेली दीर्घिकांची चित्रं त्यांनी रविवार मोडून छापून, कापून आणली होती. चित्रं काळाप्रमाणे ओळीने लावायची, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे हे समूह कसे बदलत गेले ते दिसेल, इतकं साधं काम. पोरं मात्र पुसट, वेडेवाकडे ठिपके उचलून थेट म्हाताऱ्यांत नेऊन ठेवत. जुनं झालं की विटणारच, असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी घसा कोरडा केला. तो ठिपका फार लांब आहे, त्याचा उजेड इथवर यायला अब्जावधी वर्षं लागली, म्हणून आपल्याला दिसतं ते त्याचं लहानपण. मागच्या बाकावरची वेणीवाली म्हणाली, "म्हणजे फोटो जुना आणि फोटोतलं बाळ लहान?" बाई खुशीत हो म्हणाल्या, तर तिने ठिपका पुन्हा म्हाताऱ्यांतच ठेवला. फोटो जुना ना, म्हणून.

त्यात मोठ्या बाई वर्ग बघायला आल्या. शाळेची तपासणी तोंडावर आली होती. असली धुरकट चित्रं पाहुण्यांना कशी दाखवायची, म्हणून त्यांनी सगळा गठ्ठा चित्रकलेच्या सरांकडे दिला. सर मनापासून राबले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दीर्घिका एकाच आकाराची, निळी-जांभळी, लखलखीत होऊन जिन्याजवळच्या फळ्यावर झळकली. ठिपक्यांनाही सरांनी हौसेने भोवऱ्यासारख्या वळणाऱ्या भुजा काढल्या होत्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सर समोर कौतुकाची वाट बघत उभे. "छान झालंय," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या आणि घरी जाऊन सगळा राग नवऱ्यावर काढला. तो म्हणाला, पुन्हा छाप. पुन्हा कापायचं कुणी, यावर त्यानेच कात्री घेतली आणि दोन दीर्घिका धुळीचे डाग समजून केरात टाकल्या.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. या वेळी लांबची चित्रं वर्गाच्या पार टोकाला लावली, जवळची टेबलावर. वेणीवाली टोकापासून एकेक बघत आली: आधी लहान, अस्ताव्यस्त, मग एकमेकींवर आदळणाऱ्या, मग भुजा फुटलेल्या. "बाई, ही एकच दीर्घिका वाढत गेलेली नाहीये," ती म्हणाली. "वेगवेगळ्या आहेत, वेगवेगळ्या वयात दिसणाऱ्या."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. महिनाभर त्या दुसरं काय सांगत होत्या?

तपासणीच्या दिवशी पाहुणे फळा वाखाणत असताना तीच मुलगी पुढे झाली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मूळ चित्रात ह्यांना भुजा नाहीत." सरांचा चेहरा पडला. संध्याकाळी मोठ्या बाईंनी विज्ञानाच्या बाईंना बोलावून वर्गाला शिस्त लावण्याबद्दल चांगलंच सुनावलं.

बाई धुमसत खाली आल्या, तर सर शिडीवर चढून एकटेच चित्रं उतरवत होते.

"मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"धीर झाला नाही," बाई म्हणाल्या आणि शिडी धरली.