आधी राहीबाईंना सांगा

शिवथरच्या खोऱ्यातल्या आमच्या वाडीत मालोजीकाकांचं हृदय ही सार्वजनिक मालमत्ता आहे. काकांचा स्वभाव तापट. चहात साखर कमी पडली तरी त्यांचा आवाज नदीपलीकडे जातो. अशा माणसाला धक्का बसला तर? म्हणून वाडीने एक रीत पाडली. वाईट बातमी काकांना थेट सांगायची नाही. ती आधी त्यांच्या बायकोला, राहीबाईकाकींना सांगायची. मग काकी त्यांना जेवू घालणार, सुपारी कातरून देणार आणि हळूच सांगणार.

कशेडी घाटात काकींच्या दिराचा टेम्पो उलटला, ते काकींना आधी कळलं. काकींचा सख्खा भाऊ गेला, तेव्हाही त्यांनी आमटीला फोडणी दिली, नवऱ्याचं जेवण होऊ दिलं आणि मगच डोळ्याला पदर लावला. "काय शांत बाई!" आम्ही कौतुक करायचो. कौतुकाला काय जातं!

दरवर्षी काकांचं हृदय तपासायला महाडला न्यायचा सोहळा असतो. यंदा पुतण्या विनीत मुंबईहून त्यासाठी आला. दवाखान्यात कुणीतरी रांगेत घुसलं, म्हणून काका यथेच्छ गरजले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालत्या पट्ट्यावर चालवलं. ठोके वाढले, थांबल्यावर मुकाट खाली आले. ठणठणीत!

पिशवी धरून उभ्या असलेल्या काकींना मात्र दरदरून घाम फुटला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडवं करून छातीला तारा लावल्या. बाहेर काका पुन्हा कुणावर तरी ओरडत होते. काकींच्या तोंडावर नेहमीचं हसू, आणि पडद्यावर ठोके उधळलेले. काका गप्प झाले तरी ठोके खाली येईनात.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विनीतला बाजूला घेतलं. "काका ओरडून मोकळे होतात. या सगळं आत ठेवतात, आणि ते यांचं हृदय सोसतंय. रक्तपुरवठा कमी पडतोय. मुंबईला न्या, ऑपरेशन लागेल. उशीर नको."

पोरगा हादरला. पण रीत म्हणजे रीत. दवाखान्याच्या पायरीवर त्याने काकींनाच गाठलं.

"काकी, तुझ्या हृदयाचं काय खरं नाय. ऑपरेशन लागंल. काकांना तूच सांग गो, जेवल्यावर. त्यांना काय झालं म्हंजे?"

"सांगते रे," काकी म्हणाल्या.

संध्याकाळी मी चौकशीला गेलो, तेव्हा काकी वाढत होत्या. काकांचं जेवण झालं, सुपारी झाली, आणि काकींनी सांगितलं. काकांनी छातीवर हात दाबला. "माझ्या काळजात कसंतरी होतंय गो! पाणी आण!"

विनीत त्यांना वारा घालायला धावला. शेजारपाजार गोळा झाला तो त्यांच्याचभोवती. काकी भिंतीला धरत पाण्याला निघाल्या. माझं डोकंच फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मी ओरडलो, "काकी, तू बस खाली! मरायचंय काय तुला?"

काकींनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोल रे. त्यांना तरास व्हईल."