औरंगाबादहून तासाभराचं विमान

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात स्टँडजवळच्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात तिकिटं काढून द्यायचो. कुठून कुठं विमान जातं, किती वेळ लागतो, सगळं तोंडपाठ. स्वतः विमानात कधी बसलो नव्हतो, तरी मंगळवार पेठेतली माणसं मलाच विचारायला यायची.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, सकाळी नऊच्या सुमारास गेले. थोरली बहीण, आक्का, औरंगाबादला होती. तिनं तिथल्या एका बौद्ध प्राध्यापकाशी लग्न केलं, तेव्हापासून मोठ्या भावानं, दादानं, तिला घराची पायरी चढू दिली नव्हती. शेवटच्या आठवड्यात अण्णा दोनदा म्हणाले, “पोरीला बोलवा.” दादानं ऐकलंच नाही असं दाखवलं. मीही गप्प बसलो.

शेजारच्या काकूंनी तिला कळवलं असावं. तासाभरात तिचा फोन आला. दादानं रिसीव्हरवर हात दाबला आणि माझ्याकडे वळला.

“एष्टीनं निघाली तर रातच्याला हितं पोचंल. समदं पावणं बसल्यात. नवऱ्याला घिऊन दारात हुबी ऱ्हायली तर काय तोंड दावू? विमान हाय म्हणून सांग. तुझं ऐकंल ती.”

मी फोन घेतला. आक्का रडत होती. “मी लगेच एष्टीत बसते. थांबाल न्हवं रं?”

“आक्का, एष्टीनं कशाला? दुपारी विमान हाय. सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर. तासाभरात उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरशील.”

“खरंच हाय?”

“माझा धंदाच हाय की त्यो. आम्ही थांबतो.”

औरंगाबादहून कोल्हापूरला विमान नव्हतंच. अंतर आणि वेळ मात्र मी बरोबर सांगितला होता, म्हणूनच तिला ते पटलं.

दुपारी तीनला आम्ही अण्णांना नेलं. कुणीतरी मुलीचं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, “कळवलंय, पण आली न्हाय.” माणसांनी माना हलवल्या.

आक्का दुसऱ्या दिवशी सकाळी आली, एकटीच. दादानं तिला बाहेरच्या सोप्यातच बसवलं. आतून चहासुद्धा आला नाही. ती माझ्याकडे बघून बोलायला लागली.

“विमानतळावर काउंटरवरचा माणूस हसला. म्हणाला, असं विमानच न्हाय, बाई. अर्धा तास भांडले मी त्याच्याशी. माझा भाऊ तिकिटाच्या धंद्यात हाय, त्यो खोटं सांगणार न्हाय, म्हटलं. तिथनं स्टँडवर येईस्तोवर दुपारची गाडी गेलती.”

मी काही बोलणार, तेवढ्यात दादाच म्हणाला, “जुनं वेळापत्रक बघितलं असंल त्यानं. गडबडीत हुतंय.”

आक्कानं लगेच मान डोलावली. “व्हय की. अण्णा गेल्यावर ह्याचं तरी डोकं कुठं ठिकाणावर असणार?”

अस्थी बघायला तिनं मागितल्या. दादा म्हणाला, पहाटेच नदीत सोडल्या. ते तेवढं खरं होतं.

मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागेपर्यंत ती माझा हात धरून बसली होती. मला रडू फुटलं. तिला वाटलं, अण्णांसाठीच रडतोय. पदरानं माझे डोळे पुसत ती म्हणाली, “मनाला लावून घिऊ नको. तू बोलवलंस तरी. त्यानं तेवढंबी केलं नसतं.”

मी तिला बॅग आत ठेवून दिली आणि खिडकीशेजारची जागा मिळवून दिली.