भुतावर ओतलेली घागर

नातीच्या पावडरचा वास आला आणि चाकूरचा सिनेमाचा तंबू आठवला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पाऊस मात्र नव्हता. आमच्या यांनी मित्र जमवून भुताचा सिनेमा काढला होता. भूत मीच, तोंडाला पावडर फासलेली. विहिरीतून भिजून वर यायचं होतं, म्हणून यांनी घरातली शेवटची घागर माझ्यावर ओतली होती.

तंबूत तो प्रसंग आला, तेव्हा कुणीच किंचाळलं नाही. शेजारची बाई हळहळली, "किती पाणी सांडलं गं माय."

बाहेर थांबलेल्या यांनी विचारलं, "भ्याले का लोक?"

"हाव, लई भ्याले."

हे देवाघरी जाईपर्यंत मी ते खोटं सांभाळलं. आता वाटतं, ते खोटं नव्हतंच. घागर रिकामी होताना मीसुद्धा भ्याले होते.